आधी दांडी, मग काच

दार काढलं की त्याच्याबरोबर आरसाही जातो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत साइड मिरर दारावरच बसवलेला असतो, म्हणून बिनदाराच्या जीपला आरसा लावायचा म्हणजे आधी त्याला उभं राहायला जागा शोधायची. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक मात्र मोबाइलमध्ये काचेचा फोटो घेऊन येतं. गोल हवा, काळा हवा, छोटा हवा, जीपला शोभला पाहिजे. मी विचारते, "लावायचा कुठे?" त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "ते तुम्ही बघा ना, मॅडम."

आमचा सगळा धंदा त्या 'तुम्ही बघा'मध्ये आहे.

मुळशीच्या रस्त्याला आमचं गॅरेज आहे. बाबांनी ते ट्रॅक्टर-ट्रेलरच्या वेल्डिंगसाठी सुरू केलं होतं. जीप नंतर आल्या, आणि आल्या त्या गेल्याच नाहीत. मी मेकॅनिकल शिकले, काही वर्षं चाकणला नोकरी केली आणि मग इथेच येऊन बसले. बाबांच्या वेळचे वेल्डरचाचा अजून आहेत. माझ्याकडे आकडेमोड, त्यांच्याकडे हात. आमची जुंपते तेव्हा बहुधा चाचांचं खरं निघतं, फक्त का खरं निघालं ते मला मागाहून मांडता येतं.

येणाऱ्या जीपांचे ढोबळ दोन प्रकार. एक जुन्या: सीजे थ्री-बी, एमएम ५४०, क्वचित लष्कराच्या लिलावातून आलेली जोंगा, आणि पंजाबला लागून असलेल्या मंडी डबवालीत उभी केलेली, कागदावर एक नि अंगावर दुसरीच असलेली एखादी. या मंडळींना दार काय चीज आहे ते मुळातच ठाऊक नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला दाराच्या जागी कॅनव्हासचा एक पट्टा आडवा अडकवलेला असे, आणि आरसा एकच, गोल, ड्रायव्हरच्या बाजूला. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत विलीज जोडायला घेतली आणि तीच वंशावळ पुढे चालली. दुसरा प्रकार नव्यांचा: थार, आणि अधूनमधून रँग्लर, जी २०२१ पासून आपल्या रांजणगावात जोडली जाते. रँग्लरची दारं काढता यावीत अशीच बनवलेली असतात. बिजागरीचे बोल्ट काढायचे, वायरचा कनेक्टर सोडवायचा, दार वर उचलायचं. कोणत्या मापाचा पाना लागेल ते बिजागरीवरच कोरलेलं असतं. इतकी सगळी सोय करून ठेवलेली, पण आरसा दारावरच.

दारं काढायची कशाला, असं बाहेरचा माणूस विचारतो. हौस हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं असं, की खडकाळ वाटेवर उजवं पुढचं चाक नेमकं कुठे पडतंय हे बघायचं तर दार आड येतं. बिनदाराच्या जीपमध्ये जरा बाहेर झुकलं की टायर आणि दगड दोन्ही डोळ्यांसमोर. ताम्हिणीच्या बाजूच्या ओढ्यांत नवखा ड्रायव्हर एकदा असं झुकून चालवायला शिकला, की त्याला पुन्हा दाराआड बसवत नाही.

पण इथेच एक फसगत होते, आणि ती मी जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाइकात बघते. चारी बाजू उघड्या, वारा अंगावर, तेव्हा आपल्याला सगळीकडचं दिसतंय असं वाटायला लागतं. पुढचं आणि बाजूचं खरंच जास्त दिसतं. मागचं मात्र साध्या मोटारीपेक्षाही कमी. आतला मधला आरसा जुन्या जीपमध्ये जवळपास शोभेचाच. ताडपत्रीचा टप चढवलेला असला तर मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीतून पिवळट धुकं दिसतं, आणि टप काढलेला असला तर समोरासमोरच्या बाकड्यांवर बसलेल्या पाहुण्यांची डोकी. वर रोल केज, मागे स्टेपनी, तिच्या बाजूला डिझेलचा कॅन. एमएम ५४०चं प्यूजो जातीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन असं बोलतं, की मागून येणारी मोटरसायकल हॉर्न देईपर्यंत कानावर येत नाही. म्हणजे भिस्त उरली फक्त दोन बाजूच्या आरशांवर, आणि माणूस त्यांनाच दागिन्यासारखं निवडायला बसलेला.

म्हणून काचेची गोष्ट मी शेवटी काढते. आधी जागा, मग दांडी, मग काच.

जुन्या जीपवर जागा तीन. पहिली, पुढच्या काचेच्या फ्रेमला, बाजूने. डोळ्याच्या उंचीवर येते, हात लांब करून आरसा फिरवता येतो, दिसायलाही बरी. पण काच बॉनेटवर आडवी पाडली की आरसाही आडवा होऊन आभाळ दाखवतो. काच पाडून चालवण्याची ज्यांना सवय आहे त्यांना ही जागा उपयोगाची नाही. शिवाय थ्री-बीची फ्रेम बहुधा खालच्या कोपऱ्यातून गंजलेली असते. तिला भोक पाडून आरसा लटकवला की पहिल्याच पावसाळ्यात भोकाचं बीळ होतं. दुसरी जागा फ्रेमच्या बिजागरीखाली, काउलवर, म्हणजे मूळ जीपला आरसा असायचा साधारण त्याच भागात. काच पाडा नाहीतर उभी ठेवा, आरसा जागचा हलत नाही. इथला पत्राही दुमडून बसवलेला असल्याने जरा दमदार. मी शक्यतो इथेच लावते, आणि पत्र्याच्या आतून तीन मिलिमीटरची पट्टी देते, म्हणजे बोल्टचा भार एका भोकावर न येता हातभर जागेत पसरतो.

तिसरी जागा मडगार्ड. ही सुचवली की गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं होतं, ॲम्बॅसडरच्या जमान्यातलं वाटतं म्हणून. जपानमध्ये १९८३ पर्यंत आरसे मडगार्डवरच असत. नियमच होता तसा. त्यामागचा हिशोब साधा आहे: आरसा पुढे नेला की तो समोरच्या काचेतूनच दिसतो, मान फिरवावी लागत नाही. डाव्या बाजूसाठी याचा आणखी एक फायदा, आणि तो बिनदाराच्या गाडीतच कळतो. शेजारी बसलेला माणूस खडक बघायला सारखा बाहेर झुकत असतो. आरसा फ्रेमच्या डाव्या बाजूला असेल तर तुमच्या आणि आरशाच्या मधे त्याचं डोकं. मडगार्डवर असेल तर निदान तुमची नजर तरी आरशापर्यंत पोचते. मग आरशातून मागे जाणाऱ्या वाटेत त्याचा कोपर येतो ते वेगळं; त्याला "कोपर आत घ्या" असं सांगण्याखेरीज मला उपाय सापडलेला नाही. मडगार्डचा तोटा म्हणजे पत्रा पातळ आणि थरथरता. खालून आधार दिल्याशिवाय तिथे आरसा लावणं म्हणजे पैसे वाया.

रँग्लरला ही शोधाशोध कमी. दार उचललं की बॉडीवरच्या अर्ध्या बिजागरीचं भोक मोकळं राहतं. त्यात खुंटीसारखा बसणारा आरसा मिळतो. दार काढलं, खुंटी आत घातली, खालून नट आवळला, झालं. दोन मिनिटांचं काम. पण खुंटी आणि भोक यांत केसभर फट राहिली तरी आरसा डुलतो, आणि सहसा ती राहतेच. चाचा तिथे पितळी पत्र्याची पातळ गुंडाळी घालतात. आयात केलेल्या वस्तूला असली मलमपट्टी केलेली मालकांना रुचत नाही, पण एकदा हायवेला जाऊन आले की तक्रार करत नाहीत.

आता दांडी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बिनदाराच्या गाडीचा आरसा चांगला की वाईट हे ऐंशी टक्के इथे ठरतं, असं माझं मत आहे. टक्का माझ्या मनातला, मोजलेला नाही.

आरसा एक अंशाने हलला तर त्यातलं दृश्य दोन अंशांनी सरकतं. परावर्तनाचा शाळेतलाच नियम. तीस मीटर मागे असलेली मोटरसायकल दोन अंशांनी सरकणं म्हणजे आरशात ती एक मीटरभर इकडची तिकडे होणं. दांडी अंशाचा दहावा भाग जरी थरथरली, तरी मोटरसायकलचा दिवा चार इंच फराटा ओढतो. एक आहे की दोन, जवळ येतेय की मागे पडतेय, काही कळत नाही. हा थरथराट काचेच्या दर्जावर अवलंबून नसतो. जर्मनीहून आणलेली काच ढिल्या दांडीवर चढवली तर फराटा जर्मन काचेत दिसेल, एवढंच.

थरथर येते कुठून? चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा फायर होतं. स्लो ७५० आरपीएमला असेल तर सेकंदाला २५ धक्के. दांडी आणि तिच्या टोकावरचा आरसा यांचा मिळून स्वतःचा एक झुलण्याचा वेग असतो. तो या पंचविसाच्या जवळपास आला की सिग्नलला उभं असताना आरशातली सगळी सृष्टी विरघळते. तसंच हायवेला, जिथे इंजिन तासन्‌तास एकाच आरपीएमला फिरत राहतं. म्हणून आमच्या मागच्या भिंतीवर एक जुनी नंबरप्लेट टांगलेली आहे. आरसा बसवला की गाडी तिच्याकडे पाठ करून उभी करायची, इंजिन चालू, आणि आरशातून नंबर वाचायचा, उलटा का होईना. मग हळूहळू ॲक्सिलरेटर वाढवायचा. कुठेतरी आकडे पुसट होतातच. ते स्लोला झाले किंवा घाटाबाहेरच्या नेहमीच्या वेगाला झाले तर दांडी बदलायची. मधेच कुठे झाले तर सोडून द्यायचं, कारण इंजिन तिथे मुक्काम करत नाही, नुसतं पार होतं.

दांडी ताठ करण्याचे दोन आकडे मी येणाऱ्या प्रत्येक होतकरू पोराला पाठ करायला लावते. भरीव सळईची लांबी निम्मी केली तर ताठपणा आठपट होतो. जाडी दुप्पट केली तर सोळापट. म्हणून आठ मिलिमीटरच्या सळईवर हातभर लांब आरसा बघितला की माझं डोकं उठतं. बाजारात मिळणारे 'ऑफ-रोड' आरसे बहुधा असेच असतात: बारीक लांब मान, वर जड डोकं, फोटोत झकास.

पण मान आखूडही करता येत नाही, हा खरा पेच. जुनी जीप अंगाने सव्वापाच फुटांचीही नाही, पण हौशी मालक तिला रुंद टायर घालतात, ते दोन्ही बाजूंना बाहेर येतात. मागच्या बाकड्यावरच्या पाहुण्यांचे गुडघे बाहेर. टपाच्या बाजूच्या पडद्याची तर वेगळीच तऱ्हा: साठच्या पुढे वेग गेला की तो वाऱ्याने फुगून बाहेर येतो आणि आखूड मानेचा आरसा नुसतं खाकी कापड दाखवत राहतो. गाडी उभी असताना हे कळायची सोय नाही. तेव्हा आरसा पडद्याच्या फुगवट्यापलीकडे न्यावाच लागतो, आणि नेला की दांडी थरथरते.

यावर माझा उपाय जाड पाइपचा होता, चाचांचा त्रिकोणाचा. त्यांनी मला बाहेर रस्त्यावर नेऊन उभा असलेला ट्रक दाखवला. "ताई, ह्याचा मिरर केवढा मोठा, आणि हलतो का?" ट्रकचा आरसा वरून आणि खालून, दोन्ही टोकांनी धरलेला असतो. एका खांद्यावरून लोंबकळत नाही. तेव्हापासून काउलवरून एक दांडी आणि तिच्या हातभर वरून किंवा खालून दुसरी बारीक टेकण, अशी आमची पद्धत बसली. दिसायला ट्रकची, हे कबूल. मालक कुरकुरतात, तेव्हा त्यांना नंबरप्लेटसमोर बसवून आधीची आणि नंतरची दांडी दाखवायची.

इतकं ताठ करून पुन्हा एक सांधा मुद्दाम कच्चा ठेवावा लागतो, ही या कामातली मजा. पावसाळ्यानंतर मुळशी-वेल्ह्याकडच्या वाटा कारवीने दोन्हीकडून आवळलेल्या असतात. आरसा तिच्यात घुसतोच. दांडी कुठेच वाकणार नसेल तर ती बोल्टसकट पत्रा उपटून नेते. म्हणून बुडाशी एक घडीचा सांधा हवा, हाताने बऱ्यापैकी रेटा दिला की मागे वळणारा, आणि परत आणला की त्याच जागी 'टक्‌' करून बसणारा. किती कडक? ताशी ८० किलोमीटरला वीतभर काचेच्या आरशावर वाऱ्याचा साधारण किलोभर रेटा येतो. सांधा त्याला बधता कामा नये, पण चार किलोला मानला पाहिजे. जिथे नुसता गोळा-वाटीचा सांधा असतो तिथे हे जमत नाही. धूळ गेली की वाटी झिजते आणि पिरंगुटला सरळ असलेला आरसा पौडला पोचेपर्यंत मागच्या बाकड्याकडे तोंड करून बसतो.

आणि जागा ठरवताना ड्रायव्हरला एकदा बाहेर झुकायला सांगायचं, पट्टा लावून. चाक बघताना डोकं कुठपर्यंत येतं ते खडूने हवेत आखता येत नाही, म्हणून पोरगा तिथे हात धरून उभा राहतो. आरसा त्या हाताच्या पुढे किंवा खाली. हेल्मेट न घालता झुकणाऱ्याच्या कपाळाला आरशाची कड लागली तर त्यात आरशाचा दोष नसतो.

आता काच.

सपाट की फुगीर, हा वाद मी गॅरेजमध्ये रोज ऐकते. सपाट काचेत गाडी जेवढी आहे तेवढी दिसते, अंतराचा अंदाज बरोबर येतो, पण दिसतं चिंचोळं. सव्वादोन फुटांवर धरलेल्या सहा इंची सपाट काचेत जेमतेम बारा-तेरा अंशांचा पट्टा मावतो. तीच काच १२०० मिलिमीटर त्रिज्येची फुगीर घेतली तर पट्टा दुपटीहून जास्त होतो. त्याची किंमत अशी, की वीस मीटरवरचा ट्रक चाळीस-पंचेचाळीस मीटरवर असावा तेवढा बारका दिसतो. अमेरिकेत ड्रायव्हरच्या बाजूची काच सपाटच असली पाहिजे असा नियम आहे. पलीकडच्या बाजूला फुगीर चालते, पण त्रिज्या ८८९ ते १६५१ मिलिमीटरच्या मधे हवी आणि काचेवर इशारा छापलेला हवा, की आरशातल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. स्पीलबर्गच्या १९९३च्या 'जुरासिक पार्क'मध्ये जीपमागे धावणारा डायनोसोर ज्या आरशात दिसतो त्यावरचा इशारा हाच. आपल्याकडे दोन्ही बाजूंना फुगीर चालते आणि बहुतेक गाड्यांना तीच येते.

यातून एक गंमत होते. परदेशातल्या भावाकडून, मेहुण्याकडून रँग्लरचे बिनदाराचे आरसे मागवणारे बरेच असतात. जोडी येते ती तिथल्या डावीकडे बसणाऱ्या ड्रायव्हरसाठी: डावा सपाट, उजवा फुगीर. इथे ड्रायव्हर उजवीकडे. म्हणजे हाताशी असलेला आरसा फुगीर, वर इशारा छापलेला, आणि जिथे फुगीर हवाच त्या लांबच्या डाव्या बाजूला सपाट काच, जिच्यात साडेचार फुटांवरून एक अरुंद फट दिसते. पुण्यात दुचाकी डावीकडूनच घुसते, हे वेगळं सांगायला नको. दांड्या डाव्या-उजव्याच्या असल्याने नुसती अदलाबदल होत नाही, काचा काढून उलट बसवाव्या लागतात. महागड्या खोक्यातून निघालेल्या आरशाची काच मी हीटगनने सोडवायला घेते तेव्हा मालक दुसरीकडे बघतात.

त्रिज्या कशी ओळखायची? काही काचांच्या कोपऱ्यात ती छापलेली असते. बाजारातल्या बिननावाच्या काचेवर काहीच नसतं. तेव्हा पोलादी पट्टी काचेवर आडवी ठेवायची. सपाट असेल तर पट्टी सगळीकडे टेकते. फुगीर असेल तर मधे टेकते आणि दोन्ही टोकांना फट राहते. पट्टी दोन्हीकडे सारखी तोलून धरली आणि सहा इंची काचेच्या कडेला सव्वादोन-अडीच मिलिमीटर फट असेल तर त्रिज्या १२००च्या आसपास, ठीक आहे. पाच मिलिमीटर भरली तर ६००च्या खाली. असली काच अख्खी मुळशी दाखवते, पण कोण किती लांब ते काही सांगत नाही. फट मोजायला ड्रिलचे बिट चालतात, वेगळं हत्यार लागत नाही. बुलेटचे गोल आरसे जीपला लावायची फॅशन आहे. पट्टी ठेवली की त्यातले बरेच इथेच बाद होतात.

माझी आवड सांगायची तर उजवीकडे सपाट किंवा अगदी कमी फुगीर, उभट, डावीकडे फुगीर आणि मोठा. दोन्ही बाजूंचे सारखे दिसत नाहीत. सारखे दिसावेत हा आग्रह मला कधी कळला नाही.

लावून झाल्यावर कोन. इथे रस्ता आणि रान यांची सरळ भांडणं आहेत. १९९५ साली जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्याने आरशांच्या भूमितीवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, बाजूच्या आरशात आपल्याच गाडीचं अंग दिसत असेल तर ती जागा फुकट गेली. आरसा इतका बाहेर वळवा की आपली गाडी त्यातून नाहीशी होईल, मग शेजारच्या लेनमधला आंधळा कोपरा बराचसा उघडतो. हायवेसाठी हे मला पटलेलं आहे. पण दरीच्या कडेने मागे घ्यायची वेळ येते तेव्हा नेमकं आपलंच अंग बघायचं असतं: मागचं चाक आणि त्याच्याखालची माती. तिथे प्लॅट्झरसाहेबांच्या कोनात लावलेला आरसा दरीपलीकडचा डोंगर दाखवत बसतो.

दोन्ही एका काचेत बसवायच्या खटपटी आम्ही केल्या. खाली चिकटवायची छोटी फुगीर टिकली चिखलाने सगळ्यात आधी भरते. शेवटी टिकला तो सर्वात गावठी उपाय. सांध्यावर रंगाच्या दोन रेघा, पांढरी रस्त्याची, पिवळी रानाची. वाटेला लागताना आरसा पिवळ्या रेघेवर खाली वळवायचा, डांबरावर आलं की पांढरीवर. दार नाही, काच नाही, उजवा आरसा बसल्या जागी हाताला येतो, बिनदाराच्या गाडीचा एवढा तरी फायदा घ्यावा. डाव्यासाठी शेजारच्याला सांगायचं. तो नाहीतरी बाहेरच झुकलेला असतो. जोडप्यातली दोघंही चालवत असतील तर रेघा चार होतात. माझी उंची पाच फूट दोन इंच. सहा फुटी माणसाच्या कोनात मला आरशात नुसतं आभाळ दिसतं, त्यामुळे हा मुद्दा मी विसरत नाही.

तपासणी डोळ्यांवर सोडत नाही. मालकाला सीटवर बसवायचं, पट्टा लावून, मान समोर. पोरगा स्कूटर घेऊन मागून हळूहळू येतो. आरशातून तो दिसेनासा झाला की मालकाने "गेला" म्हणायचं, डोळ्याच्या कोपऱ्यात दिसला की "आला". दोन्ही ठिकाणी जमिनीवर खडूची रेघ. दोन रेघांच्या मधे स्कूटर मावत असेल तर काम अपुरं. बिनदाराच्या गाडीत 'आला' जरा लवकर येतं, आड काही नसल्याने, म्हणून बाहेरचा कोन थोडा सैल चालतो.

पावसाळ्यात आणखी एक शत्रू, स्वतःचंच पुढचं चाक. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर चिखल सरळ वर उडवतो, आणि काउलवरचा आरसा त्याच्या वाटेत येतो. मडगार्डला चार बोटं रबराची झालर लावली की निम्मा त्रास जातो. आरशाच्या डब्याला खालून भोक हवं, नाहीतर पाणी साठून काचेचा पारा कडेने काळा पडत जातो.

कायद्याचं मी आधीच सांगून टाकते. आरशांची मानकं ज्या मालिकेत आहेत तिचं काम आमच्याच शहरातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमधून चालतं, पण प्रश्न फक्त आरशाचा नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ज्या रूपात गाडी दिली आणि नोंदवली त्यात मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच ठणकावून सांगितलं. जुनी जीप बिनदाराचीच नोंदवलेली असेल तर तिचा प्रश्न नाही. दारांसकट नोंदवलेल्या नव्या गाडीची दारं काढून लक्ष्मी रोडवर मिरवायचं असेल तर मी आरसा कितीही ताठ लावला तरी पोलिसांना तो पुरत नाही. दारं रानात पोचल्यावर काढा, परत येताना लावा. खुंटीचा आरसा त्यासाठीच बरा.

हल्ली कॅमेऱ्याची विचारणा वाढली आहे. आरशाऐवजी कॅमेरा चालेल अशी परवानगी जपानने २०१६ मध्ये दिली आणि २०१८ मध्ये लेक्ससची तशी गाडी बाजारात आलीसुद्धा. एका मालकांनी दोन्ही बाजूंना कॅमेरे आणि डॅशबोर्डवर पडदा बसवून मागितला. भर दुपारी उघड्या जीपमध्ये पडद्यावर ऊन पडलं आणि त्यांना त्यात स्वतःची टोपी दिसायला लागली. पडदा मागचं चाक बघायला ठेवला, वर झाकण दिलं, आणि आरसे पुन्हा लावून घेतले. चाचा म्हणाले, "राहू दे दोन्ही, एकाचं दुसऱ्याला समजेल." याचा अर्थ मी विचारला नाही.

बिलावर घासाघीस होते ती नेमकी दांडीवर. काच आठशेची आणि दांडीचे अडीच हजार कसे, हा प्रश्न ठरलेला. मी भिंतीवरच्या नंबरप्लेटकडे बोट दाखवते. कोणी मानतं, कोणी तीच काच घेऊन पुढच्या दुकानात जातं. जे लावून घेतात त्यांना एकच सांगते: पहिला घाट उतरून या आणि नट परत आवळून घ्या. नवीन रंगावर बसलेला वॉशर जरा बसका होतोच. त्याचे पैसे घेत नाही.